गंध विसरणारा श्वास

चैत्र लागला की संध्याकाळच्या सुमाराला मोगऱ्याच्या कळ्या एकेक करून सैल होऊ लागतात. कुणी त्यांचा गजरा केसांत माळतं, कुणी मनगटाच्या आतल्या बाजूला हिन्याचं बोट फिरवतं, कुणी वाळ्याच्या अत्तराचा फाया कानाच्या घडीत ठेवतं. पहिले काही श्वास तुडुंब भरून येतात. वाटतं, आजची सगळी संध्याकाळ या सुगंधाच्या सोबतीनं जाणार. आणि मग निरोपही न घेता तो आपल्यापुरता मावळतो. फुलं ताजीच असतात, फाया ओलाच असतो. शेजारून जाणारं माणूस क्षणभर थबकतं, श्वास किंचित लांबवतं आणि विचारतं, "मोगरा का?" त्याच्यापर्यंत तो पोचलेला असतो. ज्यानं माळला त्याच्याच श्वासातून मात्र तो गेलेला असतो.

या हरवण्यापाशी जरा रेंगाळू या. कारण इथे हरवलेलं काहीच नाही. सुगंध जिथे होता तिथेच आहे, नाकही जागं आहे, हवाही वाहते आहे. तरीही दोघांच्या मधला पूल कुणी हलकेच काढून घेतला. कुणी, आणि कशासाठी?

सुगंध म्हणजे वस्तूनं वाऱ्यावर सोडून दिलेला स्वतःचाच अंश. मोगऱ्याच्या पाकळीतून लिनालूल, बेंझिल ॲसिटेट, इंडोल अशी हलकी द्रव्यं सतत हवेत मिसळत असतात. यातलं इंडोल दाट असलं तर नकोसं वाटतं. विष्ठेच्या दुर्गंधीतही तेच असतं. मोगऱ्यात ते लेशमात्र उतरतं, आणि त्या लेशामुळेच मोगऱ्याच्या गोडव्याला एक खोल, किंचित काळोखी तळ लाभतो. असे कितीतरी कण एका श्वासाबरोबर आत येतात. त्यांतले थोडेच नाकाच्या पोकळीच्या अगदी माथ्याशी पोचतात. तिथे, दोन डोळ्यांच्या मधोमध, काही चौरस सेंटिमीटरांचा एक ओलसर पट्टा असतो. त्या ओलाव्यात लाखो चेतापेशींचे सूक्ष्म तंतू पाण्यातल्या शेवाळासारखे तरंगत असतात. शरीराच्या इतर चेतापेशी हाडांच्या, कातडीच्या आत दडून राहतात. या मात्र थेट बाहेरच्या हवेला भिडतात. भिडतात म्हणून झिजतात, आणि आयुष्यभर त्यांच्या जागी नव्या उगवत राहतात.

या प्रत्येक पेशीवर एकाच प्रकारचा गंधग्राहक असतो, आणि माणसाकडे अशा ग्राहकांचे सुमारे 400 प्रकार आहेत. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये या ग्राहकांच्या जनुकांचं मोठं कुटुंब उजेडात आणलं, आणि 2004 मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळालं. एक ग्राहक अनेक द्रव्यांना थोडाथोडा ओळखतो, एक द्रव्य अनेक ग्राहकांना थोडंथोडं जागवतं. चारशे स्वरांच्या या मेळातून मोगऱ्याची एक स्वरावली उठते, बकुळीची दुसरी, ओल्या मातीची तिसरी. आपण 'मोगरा' म्हणतो तेव्हा खरं तर एवढी मोठी मैफल एका नावात सामावून घेत असतो.

आता त्या एका पेशीच्या आत डोकावू. गंधकण ग्राहकाला बिलगतो आणि आत एकामागून एक हालचाली सुरू होतात. पेशीच्या आवरणातली अतिसूक्ष्म दारं उघडतात, सोडियमचे आणि कॅल्शियमचे विद्युतभारित कण आत शिरतात, पेशी जागी होते आणि मेंदूकडे खबर निघते. आत आलेलं कॅल्शियम आधी ही खबर अधिक ठळक करतं. क्लोराइडची वेगळी दारं उघडून ते पेशीची जाग वाढवतं. पण त्याच वेळी ते आणखी एक काम हाती घेतं. कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाचा हात धरून, ज्या दारातून ते स्वतः आत आलं, तेच दार ते मिटवू लागतं. सुगंधाची बातमी पोचवणारा आणि तिच्यावर हळूच पडदा ओढणारा दूत एकच आहे. काही सेकंदांत पेशीची तीव्रता उतरते. जाणिवेच्या पोटातच तिच्या मावळण्याचं बी पेरलेलं असतं, आणि ते किती लवकर रुजतं! पहिला श्वास अजून पुरता सुटलेलाही नसतो.

विसरण्याचं काम नाकावरच संपत नाही. एक नाकपुडी बंद ठेवून दुसरीला एखादा गंध बराच वेळ दिला, तर बंद असलेल्या नाकपुडीचीही त्या गंधाबद्दलची तीक्ष्णता काही अंशी कमी होते. जिला तो गंध भेटलाच नाही, तीही त्याला थोडं विसरते. म्हणजे ही विस्मृती वरही घडते. मेंदूच्या ज्या भागात गंधांच्या आकृती जुळतात तिथल्या पेशी तर नाकाजवळच्या पेशींपेक्षाही लवकर शांत होतात. जे पुन्हा पुन्हा तसंच येतं आहे त्याला मेंदू ओळखतो, आणि ओळख पटली की त्याच्यापुरता गप्प होतो.

या गप्प होण्यात विलक्षण नेमकेपणा आहे. मोगरा विसरलेलं नाक आंधळं झालेलं नसतं. त्याच क्षणी स्वयंपाकघरात आल्याचा चहा उकळू लागला, तर तो त्याला आधी कळतो. दूर कुणी पाचोळा पेटवला, अंगणात कुणी सडा घातला, तेही कळतं. सरून गेली ती फक्त एकच स्वरावली, जी सतत चालू होती. आणि ती सरली म्हणूनच बाकीच्यांना जागा झाली. नव्या पाहुण्याला टेकता यावं म्हणून नाक आपली ओसरी रिकामी करून ठेवतं.

मोकळ्या हवेत थोडा वेळ काढला की दारं पुन्हा उघडतात, सुगंध परततो. अत्तरांच्या दुकानांत दोन वासांच्या मधे कॉफीच्या बिया हुंगायला देतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साधी हवा त्या बियांपेक्षा कमी ठरली नाही. श्वासाला विसावा हवा असतो, आणि तो फुकट मिळतो. शिवाय आपल्या दोन नाकपुड्याही एकाच वेळी सारख्या उघड्या नसतात. काही तासांच्या लयीत एक मोकळी होते, दुसरी आकसते, मग पाळी बदलते. मोकळ्या वाटेनं वारा भरभर जातो, आकसलेल्या वाटेनं रेंगाळतो. काही गंधकण भरभर वाऱ्यात चांगले टिपले जातात, काही संथ वाऱ्यात. त्यामुळे 1999 च्या एका अभ्यासात दिसलं, तसं एकच मिश्रण डावीकडून किंचित निराळं येतं आणि उजवीकडून किंचित निराळं. प्रत्येक श्वासात आपण एकाच जगाचे दोन गंध घेत असतो, आणि ते किती अलगद एकमेकांत मिळून जातात.

पण हा एवढा खटाटोप कशासाठी? याचं उत्तर माणसापेक्षा एखादा पतंग अधिक नीट देईल. तुतीच्या रेशीमकिड्याची मादी जो गंध सोडते त्याचं द्रव्य, बॉम्बिकॉल, ॲडॉल्फ बुटेनान्ट यांनी 1959 मध्ये ओळखलं, आणि त्यासाठी सुमारे 5 लाख माद्यांच्या गंधग्रंथी लागल्या. एवढ्या जिवांतून हाती लागलं ते काही मिलिग्रॅम. इतक्या विरळ द्रव्यावर पतंगांचा संसार उभा असतो. रानावनातला नर आपल्या पिसासारख्या शृंगिका पसरून रात्रीच्या हवेत मादीचा गंध शोधतो. तो गंध त्याच्याकडे अखंड धारेनं येत नाही. वारा त्याचे पदर सोडवतो, त्याचे विरविरीत धागे करतो, आणि दोन धाग्यांच्या मधे निखळ हवेची पोकळी असते. धागा लागला की पतंग वाऱ्याच्या उगमाकडे झेपावतो. धागा सुटला की डावी-उजवीकडे हेलकावत त्याला पुन्हा शोधतो. लागणं आणि सुटणं या दोन्हींच्या टाक्यांनी त्याची वाट विणली जाते.

प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात जेव्हा हाच गंध एकसारख्या ढगासारखा भरून टाकला, तेव्हा पतंगांची पुढे जाण्याची दिशाच हरपली. सगळीकडे मादी होती, म्हणून ती कुठेच नव्हती. विदर्भातल्या कपाशीच्या शेतांत ही गोष्ट आता शेतीच्या कामी येते. गुलाबी बोंडअळीचे नर पतंग टिपायला शेतकरी कामगंध सापळे लावतात, हे अनेकांना ठाऊक असेल. त्याच गंधाचे धागे झाडांना बांधून सगळं शेत त्या गंधानं भारून टाकायचीही एक पद्धत आहे. खोट्या वाटा इतक्या होतात आणि शृंगिका इतक्या बधिर होतात, की जवळच बसलेली खरी मादी नराला सापडत नाही, मीलन टळतं आणि पुढची अळी जन्मत नाही. गंधाच्या अतिरेकात गंधाचा अर्थ बुडून जातो. दोन धाग्यांमधली ती मोकळी हवाही गंधाइतकीच बोलकी होती, हे तेव्हा कळतं.

जिवंत असणं म्हणजे बदल टिपणं. जे आलं, जे गेलं, जे वाढलं, जे सरलं, तेवढीच खबर. जे तसंच आहे ते पायाखालची जमीन होतं; तिच्यावर उभं राहून बाकीचं पाहायचं असतं. आपल्या डोळ्यांतही हेच चाललेलं आहे. नेत्रपटलाच्या रक्तवाहिन्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या पुढ्यात पसरलेल्या असतात, म्हणजे जन्मभर आपण जगाकडे आपल्याच रक्ताच्या फांद्यांआडून पाहत असतो. त्यांची सावली सदैव तिथेच पडलेली असते, डोळ्याबरोबरच हलते, म्हणून ती कधी दिसत नाही. ती दिसत राहिली असती, तर आकाश कधीच कोरं दिसलं नसतं.

मुंगीला तर स्वतःचा गंध कळणं न कळणं हा जीवन-मरणाचा प्रश्न. एका वारुळातल्या मुंग्यांच्या अंगावर मेणासारख्या द्रव्यांचा एकच लेप असतो, तोच त्यांच्या कुळाचा गंध. जपानमधल्या सुतार मुंग्यांच्या शृंगिकांवर 2005 मध्ये संशोधकांना असे सूक्ष्म गंधकेस आढळले, जे परक्या वारुळातल्या मुंगीच्या लेपाला प्रतिसाद देत होते आणि आपल्या वारुळातल्या मुंगीच्या लेपापाशी शांत राहत होते. घरची ती गंधहीन. जिचा वास आला, ती बाहेरची. हजारोंच्या त्या दाट वस्तीत आपलेपण म्हणजे एक शांतता आहे, आणि त्या शांततेच्या आधारावर उंबरठ्याची राखण चालते.

कधीकधी देणाराही गप्प होतो. मृगाचा पहिला पाऊस तापलेल्या जमिनीवर पडतो तेव्हा मातीतून जो उसासा निघतो, त्याचा अभ्यास करून इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस यांनी 1964 मध्ये त्याला पेट्रिकोर म्हटलं. त्यात जिओस्मिन नावाचं एक द्रव्य असतं. ते मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जीवाणू घडवतात, आणि माणसाच्या नाकाला ते हवेच्या लाख कोटी भागांत मोजके भाग असलं तरी कळतं. त्या गंधाच्या ओढीनं मातीतले इवलेसे उड्या मारणारे जीव, स्प्रिंगटेल, जीवाणूंकडे येतात आणि जाताना त्यांचे बीजाणू दूर नेऊन टाकतात. आपण ज्याला पावसाचा सुवास म्हणून छातीत भरून घेतो, तो मुळात जीवाणूनं त्या इवल्या जीवांना घातलेली साद आहे. आपण वाटेत उभे असतो म्हणून ती आपल्यालाही ऐकू येते. आषाढ लागेपर्यंत मात्र हा सुवास सरलेला असतो. जमीन भिजून तृप्त झालेली असते, आणि श्वासालाही ओल सवयीची झालेली असते. दोन्ही काठ मुके होतात. त्या मुकेपणात भात तरारून वर येतं.

सिंधुदुर्गात आणि गोव्यात फाल्गुन-चैत्राच्या दिवसांत सुरंगी फुलते. तिच्या कळ्या कोवळ्या डहाळ्यांच्या टोकांना न लागता जुन्या, जाड फांद्यांना अंगभर चिकटून येतात. जणू खोडानंच मोत्यांचा अंगरखा घातलाय. उमलायच्या आत त्या काढायच्या असतात, म्हणून माणसं पहाटेच झाडावर चढतात. उमललेल्या फुलांवर मधमाश्यांचं मोहोळ घुमत असतं. मग बायका अंगणात बसून त्या कळ्यांचे गजरे, वळेसर, ओवतात. वाटेवरून जाणाऱ्याला कुंपणापलीकडूनच त्या सुगंधाची लाट येऊन धडकते, इतका तो दाट. ओवणाऱ्या बोटांच्या मालकिणीला मात्र पहिल्या काही कळ्यांनंतर तो येईनासा होतो. दिवसभर ती सुरंगीत बुडालेली असते आणि सुरंगीविना श्वास घेत असते. संध्याकाळी तेच वळेसर दुसरीच कुणीतरी केसांत माळते, आणि तिच्याही श्वासातून ते काही वेळानं निघून जातं. शहरातल्या लग्नघरात, बसमध्ये, देवळाच्या पायरीवर ते भलत्याच कुणाला सापडतं. एका फुलाचा सुगंध किती हातांतून, किती श्वासांतून जातो, आणि कुणाचाच होऊन राहत नाही.

फूल तरी कुठे स्वतःसाठी दरवळतं? मोगरा आणि रातराणी रात्री उमलतात, कारण त्यांचे पतंग रात्री उडतात. पेटुनियाच्या फुलात परागीभवन झालं, की त्याचा गंध ओसरू लागतो. ज्याच्यासाठी दरवळ होता तो येऊन गेला, आता त्या श्रमाचं काम उरलं नाही. सुगंधाला पत्ता असतो, आणि तो नेहमी बाहेरचा असतो. आपण गजरा माळतो तेव्हा काही तासांपुरतं त्या फुलासारखं होतो. आपल्याभोवती एक वलय उमटतं, आपल्याला न कळता ते लोकांपर्यंत जातं. कस्तुरीमृगाची जुनी गोष्ट इथे आठवते. नाभीतल्या सुवासामागे वेडं होऊन रानभर धावणारं ते हरीण कथेत फार सुंदर आहे. खऱ्या हिमालयातला नर मात्र बहुधा त्या गंधाच्या मागे असा धावत नसेल, कारण जे सदैव जवळ आहे ते त्याच्याही नाकाला विसरावंच लागणार. त्याची कस्तुरी मादीसाठी आहे, वाऱ्यासाठी आहे. माणसाच्या हावेलाही ती सापडली, आणि त्यापायी कितीतरी हरणं मारली गेली.

या विस्मृतीत एक धोकाही आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टनसारखं उग्र द्रव्य मिसळतात, गळती झाली तर कळावी म्हणून. पण हळूहळू गळणाऱ्या गॅससोबत बराच वेळ घरात बसलेल्या माणसाचं नाक तो उग्र वासही विसरू शकतं. दारातून आत येणारा मात्र तत्क्षणी ओरडतो, "अरे, खिडक्या उघडा!" कुंद खोलीतली हवा आत बसलेल्याला चालून जाते, नदीकाठच्या वस्तीला नदीची कुजकी ओल चालून जाते, कारखान्याशेजारी राहणाऱ्यांना धूर चालून जातो. माणसं निबर झालेली नसतात. श्वास आपलं काम करत असतो. म्हणूनच बाहेरून आलेल्यानं सांगितलेलं मनाला लावून न घेता ऐकावं. आपली हवा कशी आहे, हे आपल्याला दुसऱ्याच्याच श्वासातून कळणार असतं.

लांबच्या प्रवासाहून परतून कुलूप उघडलं, की क्षणभर आपल्याच घराचा गंध आपल्यासमोर उभा राहतो. कपाटातला कापूर, जुन्या पुस्तकांची धूळ, फोडणीचा भिंतीत मुरलेला हिंग, कुणा वडीलधाऱ्याच्या अंथरुणाची ऊब. एवढं सगळं रोज आपल्या अंगावरून जात होतं! दोन-चार श्वास आपण आपल्याच घरी पाहुणे असतो, आणि मग घर आपल्याला पुन्हा आत घेतं. ते दोन-चार श्वास सोडू नयेत. दाराशीच थोडं थांबावं, पिशव्या हातातच राहू द्याव्यात.

आणि गजरा माळल्यावर, अत्तर लावल्यावर सुगंध येईनासा झाला, तर दुसरं बोट फिरवू नये. तो गेलेला नाही. ज्याच्याकडे जायचा होता तिकडे गेला आहे. आपल्या मायेचं, बोलण्यातल्या गोडव्याचं, कामातल्या निगुतीचंही असंच होत असावं. ज्यांच्या ते सवयीचं झालेलं असतं त्यांना स्वतःला ते कधी जाणवत नाही, आणि ते मनातून स्वतःला साधेच समजत राहतात. म्हणून ज्याला आपल्यापाशी सुगंध आला त्यानं तो मुकाट पुढे नेऊ नये. वळेसर ओवणारीला सांगावं, पाट्यावर वाटण वाटणाऱ्या आजीला सांगावं, रोज समोर असणाऱ्या माणसाला तर आवर्जून सांगावं, की तुमच्यापाशी आलं की छान वाटतं. त्यांना ते दुसऱ्या कुठल्या वाटेनं कळायची सोय निसर्गानं ठेवलेली नाही.